आमच्या टीव्हीतली दिवेलागण

खरेदी विभागात नोकरी करणाऱ्या माणसाला घरासाठी काहीही विकत आणू देऊ नये, असं माझ्या बायकोचं, म्हणजे योगिनीचं, ठाम मत आहे. मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्याकडे साधा झाडू घ्यायचा तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता होतो, तक्त्यावर सह्या होतात, आणि तोवर जुन्याच झाडूने कचरा काढत बसतात. ही सवय संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर काढून ठेवता येत नाही. एकदा घरी पाहुणे आले असताना मी कोपऱ्यावर दूध आणायला गेलो आणि तीन डेअऱ्या फिरून परत आलो, तोवर पाहुणे निघून गेले होते. ही गोष्ट योगिनी अजून लग्नाकार्यांत सांगते. तिसऱ्या डेअरीचं दूध खरोखर घट्ट होतं, हे मात्र सांगत नाही.

तर टीव्ही. आमचा जुना टीव्ही माघात गेला. आधी त्याच्या मधोमध एक हिरवी रेघ आली, मग सगळी माणसं निळी पडली आणि एका संध्याकाळी त्याने शांतपणे मान टाकली. नेमकं त्याच सुमाराला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आई म्हणजे लंकाबाई. ती मनमाडला एकटी राहते. वडील रेल्वेत होते. ते गेल्यापासून लाइनीपलीकडच्या दोन खोल्या आणि दारातला कडुनिंब एवढ्यावर तिचं निर्वेध राज्य चालतं. मोतीबिंदू इतका वाढला, की ती शेजारच्या नवसाबाईला भाजीवाली समजून तिच्याशी मेथीचा भाव करायला लागली, तेव्हा कुठे आम्ही तिला उचलून नाशिकला आणलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "एकदम उत्तम!" पण आईचा डॉक्टरांपेक्षा नवसाबाईवर जास्त विश्वास. नवसाबाईने तिला सांगून ठेवलं होतं, की ऑपरेशन जमलं तर टीव्हीतल्या बाईच्या कानातलं, नाकातलं सगळं दिसतं. नाही दिसलं तर ऑपरेशन वाया गेलं असं समजायचं.

"टीव्ही आला की कळंल," आई म्हणाली. "दिसलं तर मी लगेच मनमाडला जाते. नाय दिसलं तर मग ते घर देऊन टाकू. आंधळ्या बाईनं एकटं राहून कशाला कुणाच्या जिवाला घोर लावायचा?"

मी म्हटलं, "अगं, समोरच्या बिल्डिंगवरची पाटी वाचून बघ की."

"मला कुठं धड वाचता येतं? अन् पाटी काय, जागची हलत नाय. हलतं माणूस दिसलं पायजे."

मालेगावची एक पार्टी त्या घरासाठी टपूनच होती. आठवड्यातून एकदा त्यांचा फोन यायचा. म्हणजे बघा, माझ्या त्या खरेदीला काय काय लटकलेलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी जाऊन मोठासा, झगझगीत टीव्ही घेऊन आला असता. मी आधी टीव्हीवरची स्टिकरं पाहायला गेलो.

वीज किती लागते ते सांगणारं ते ताऱ्यांचं स्टिकर तुम्ही पाहिलं असेल. वर अर्धगोलात तारे, खाली वर्षाला किती युनिट जळतील त्याचा आकडा. लोक त्याच्याकडे बघतात न बघतात आणि दुसऱ्या दिवशी सोलून टाकतात. मी मात्र त्याच्या प्रेमात पडलो. मी मुळात जरा तंद्री लागणारा माणूस आहे. ऑफिसात नटबोल्टच्या कॅटलॉगकडे बघतानाही माझी तंद्री लागते. इथे तर साक्षात तारे होते. मला स्वप्नं पडू लागली. जिन्याखाली आमच्या मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतो, तो स्वप्नात हळू हळू लुकलुकायचा, आणखी हळू, एखादा काजवा झोपी जावा तसा. मी झोपेत हसायचो, असं योगिनी म्हणते.

आमच्या शेजारी जयरामकाका राहतात. ते ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे ती उडणार आहे अशाच गांभीर्याने पाहतात. माझं ताऱ्यांचं वेड त्यांनी एका वाक्यात जमिनीवर आणलं.

"दीपकराव, तारे साइजप्रमाणे असतात. मोठ्या टीव्हीचे पाच तारे म्हणजे काय, तर मोठ्यांमध्ये तो कमी खातो. छोट्या तीन ताऱ्यांपेक्षा जास्तच खाईल! पैलवानांत जो उपाशी, तो काय आपल्या घरी दोन चपात्यांवर भागवणार आहे का?"

"मग करायचं काय, काका?"

"मोजायचं. विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं." आणि त्यांनी कपाटातून प्लगमध्ये लावायचा एक छोटा मीटर काढून माझ्या हातात ठेवला. तो मीटर भिंतीतल्या प्लगात, टीव्ही त्या मीटरात. किती वॅट जातात ते समोर आकड्यात दिसतं. असलं हत्यार खरेदी विभागातल्या माणसाच्या हाती देणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलेलं.

मी कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांत एकच पोपट. हिरवागार, ओला, मान वळवणारा. मग तो उडायचा आणि भिंतभर मधाची धार लागायची, मग समुद्र, मग पुन्हा पोपट. मी बघत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मी मनाने कुठल्यातरी बेटावर होतो. शेवटी सेल्समन हळूच म्हणाला, "सर, हा पोपट सगळ्याच मॉडेलमध्ये येतो." मी भानावर आलो आणि मीटर काढला. मॅनेजरची परवानगी लागेल म्हणाले. मॅनेजर जेवायला गेले होते. ते आले, तर म्हणाले हेड ऑफिसला विचारावं लागेल. हेड ऑफिसने विचारलं, की हे गृहस्थ सरकारी आहेत का. मी म्हटलं, "नाही, मी अंबडचा." अखेर कंटाळून त्यांनी हो म्हटलं. मी भिंतीमागे वाकून एक प्लग ओढला आणि पोपट, मध, समुद्र यांच्यासकट सगळी भिंत काळी झाली. तो प्लग सगळ्या टीव्हींचा मिळून एकच होता. नेमकं तेव्हाच सिन्नरचं एक कुटुंब मोठा टीव्ही पसंत करून पैसे काढत होतं. त्यांच्यातल्या आजी म्हणाल्या, "अपशकुन झाला. चला." आणि ते सगळे उठून गेले.

मॅनेजर मला म्हणाले, "साहेब, तुम्ही वीज मोजायला आलात का घालवायला?"

अपमान गिळायची मला सवय आहे. ऑडिटच्या वेळी दरवर्षी गिळतो.

त्यानंतर मी टीव्हीच्या एका कंपनीलाच फोन लावायचं ठरवलं. स्टिकरवरचा आकडा आवाज चालू ठेवून काढलेला असतो का बंद करून, एवढाच माझा साधा प्रश्न होता. फोनमधली बाई म्हणाली, तक्रारीसाठी एक दाबा. नुसता प्रश्न असणाऱ्यांसाठी कुठलंच बटण नव्हतं. मी एक दाबला, नावपत्ता सांगितला आणि फोन कटला. दुसऱ्या दिवशी पाठीला बॅग लावलेला एक तंत्रज्ञ दारात.

"टीव्ही कुठंय, सर?"

मी भिंतीवरचा रिकामा खिळा दाखवला. त्याने खिळ्याकडे बरंच निरखून पाहिलं.

"प्रॉब्लेम काय येतोय?"

"अजून घेतलेला नाही."

तो बिचारा सज्जन होता. म्हणाला, "सर, टीव्हीचा नंबर टाकल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. नंबर नसेल तर ती चालू राहणार." मग चहा घेऊन तो गेला आणि तक्रार चालू राहिली. रोज सकाळी फोनवर निरोप यायचा, की तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. आई दिवाणावरून म्हणाली, "यायच्या आधीच बिघडला व्हय रं?"

अशा सगळ्या फेऱ्यांत पाडवा तोंडावर आला. मुहूर्तावर टीव्ही आला नाही तर मी माहेरी जाऊन बघीन, असं योगिनीने सांगितलं. तिचं माहेर पंचवटीत आहे, रिक्षाने लगेच पोचता येतं, त्यामुळे धमकी खरी होती. मी तीन मॉडेलांवर आलो होतो, ते दोनांवर आणलं आणि पाडव्याच्या सकाळी दुसऱ्या एका दुकानातून शेवटी एक टीव्ही घेतला. पाच ताऱ्यांचा, त्या तक्रारवाल्या कंपनीचाच. शिवाय त्यात खोलीतला उजेड पाहून आपला उजेड कमीजास्त करायची सोय होती. ती ऊर्जा बचतीची सोय मी पहिल्या झटक्यात चालू केली आणि घरातल्या कुणी तिला हात लावू नये म्हणून वर पासवर्डही घातला.

मग पूजा. नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय आमच्याकडे ती चालू होत नाही, मग ती सायकल असो की मिक्सर. योगिनीने ताम्हन आणलं, आणि एकाएकी तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती म्हणाली, "आई, तुमच्या हातानं लावा."

आई दचकली. "मी? नको गं. मी कुठं लावते आता?" वडील गेल्यापासून तिने कधी कशाला कुंकू लावलं नव्हतं.

"टीव्ही तुमच्या डोळ्यांसाठी आणलाय, तुम्हीच लावणार," योगिनी म्हणाली आणि तिने आईचं बोट धरून करंड्यात बुडवलं. काचेला डाग नको म्हणून आईने खाली, चौकटीच्या अगदी मधोमध एक चांगलं ठसठशीत बोट टेकवलं. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले असावेत. मी लगेच प्लगकडे वळलो आणि मीटर लावला.

आकडा पाहून माझा स्वतःवर विश्वास बसेना. वर्षाचा हिशेब केला, तर स्टिकरवर लिहिलं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी!

चित्र जरासं मंद होतं, हे मी नाकारत नाही. म्हणजे बातम्या सांगणारी बाई मच्छरदाणीत बसून बोलतेय असं वाटायचं. दुपारची मॅच कोजागिरीला खेळल्यासारखी दिसायची. फलंदाज चांदण्यात धावायचे आणि चेंडू कुठे गेला ते गर्दीच्या ओरडण्यावरून ओळखायचं. मालिकांमध्ये तर कायम दिवेलागणीची वेळ. सासू-सुना अंधारात कंदील शोधता शोधता भांडतायत असं वाटायचं, आणि त्यामुळे त्यांचं भांडणही आपसूक मवाळ व्हायचं. आई आत असताना योगिनी म्हणाली, "अहो, अंधार आहे." मी म्हणालो, "हाच खरा रंग. दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायला भडक करून ठेवतात."

आणि खरं सांगू, मला ते आवडायला लागलं. चैत्राचं ऊन दिवसभर डोकं तापवायचं, आणि संध्याकाळी घरी आलं की टीव्हीत ती मऊ सावळी वेळ. आम्ही हळू आवाजात बोलू लागलो. बघता बघता मला डुलकी लागायची आणि मालिकेतली माणसं अलगद माझ्या स्वप्नात उतरायची. जागा झाल्यावर कुठलं लग्न मोडलं ते टीव्हीत की स्वप्नात, हे योगिनीला विचारावं लागायचं. मधूनच मी उठून मीटर बघायचो. आकडा तसाच, शहाण्या मुलासारखा खाली.

जयरामकाकांनी येऊन आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि त्याच आठवड्यात तोच टीव्ही घेतला. सेटिंग मीच जाऊन करून दिलं आणि मीटर दोन्ही घरांत आळीपाळीने फिरू लागला. पण त्यांच्याकडे आकडा आमच्या दुपटीच्याही वर. काका बेचैन झाले. "तोच टीव्ही, तेच सेटिंग, तोच मीटर. हे कसं काय, दीपकराव?" मी त्यांना समजावलं, की कोण काय बघतं त्यावरही असतं, कुस्त्या, बातम्या असल्या तापट कार्यक्रमांना वीज जास्त लागते. काकांनी पुढचे काही दिवस फक्त कीर्तन पाहिलं. आकडा हलला नाही. पण माझी कीर्ती कॉलनीभर झाली. सोसायटीच्या चेअरमननी येत्या रविवारी हॉलमध्ये 'घरगुती ऊर्जा बचत' या विषयावर माझं भाषण ठेवलं आणि फळ्यावर माझं नाव रंगीत खडूने लिहिलं. कारखान्यात इतकी वर्षं काढली, माझं नाव रंगीत खडूने कोणी लिहिलं नव्हतं.

या सगळ्या धामधुमीत आईने मला एकदाच विचारलं. ती दिवाणाच्या अगदी कडेला, पुढे झुकून बसली होती.

"दीपक, तुला त्या बाईचं तोंड दिसतंय का रं?"

मी माझ्या टीव्हीच्या बचावाला इतका सरावलो होतो, की प्रश्न कोण विचारतंय तिकडे माझं लक्षच गेलं नाही. "दिसतंय म्हणजे? एकदम लख्ख!"

"बरं," आई म्हणाली आणि मागे टेकून बसली.

दोन-चार दिवसांनी जेवताना तिने सहज सांगितलं, "त्या मालेगाववाल्यांना रविवारी बोलाव. घर देऊन टाकू. एवढं मोठं नाशिक सोडून मी तिकडं काय करू?" मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आई घरात होती तर सकाळी भाकरीच्या थापांनी जाग यायची आणि योगिनी व माझ्यात काही वाजलं की ती मध्ये न पडताही ते मिटायचं. आईला नाशिक आवडलं, असं मी धरून चाललो. रविवारी भाषण आणि व्यवहार, दोन्ही. माणसाचे ग्रह एकदम उच्चीचे होतात ते असे.

शुक्रवारी मशीन बंद पडल्यामुळे कारखाना अर्ध्यातच सुटला. दुपारी घरी आलो तर योगिनी झोपलेली आणि आई हॉलमध्ये उभी. डोळे गच्च मिटलेले. एक हात भिंतीला लावून ती पावलं टाकत होती. दिवाणाशी थांबली, चाचपलं, वळली, मोरीकडे गेली, उंबऱ्यावर पाय अडखळला, तशी मागे येऊन तोच उंबरा पुन्हा ओलांडला.

"आई, काय करतेस?"

तिने डोळे उघडले आणि चोरी पकडली गेल्यासारखी हसली. "काय नाय रं. घर पाठ करते."

"घर पाठ करतेस?"

"तुला समदं लख्ख दिसतं, मला त्या बाईचं नाक का डोळा कळत नाय. ऑपरेशन वाया गेलं, दुसरं काय. जवळचं दिसतंय आज, उद्या तेबी जाईल. आधीच घर पाठ केलेलं बरं. मग उठता-बसता कुणाला विचारावं लागत नाय. योगिनीला सांगू नको. अन् डॉक्टरलाबी नको, लय चांगलं पोरगं हाय, त्याला वाईट वाटंल."

मी तिथेच दिवाणावर बसलो. "आई, टीव्हीच अंधारा आहे गं. मलाही नाही दिसत!"

"माझी समजूत काढू नको," ती मायेने म्हणाली. "लहानपणीबी तुला खोटं बोलता यायचं नाय."

आता टीव्ही उजळल्याशिवाय तिला पटणार नव्हतं. मी ऊर्जा बचत बंद करायला गेलो, तर टीव्हीने पासवर्ड विचारला. घरच्यांना सुचू नये असा पासवर्ड मी घातला होता, तो आता मलाही सुचेना. आमच्या लग्नाची तारीख घालून पाहिली. योगिनी जागी होऊन मागे उभी होती, ती म्हणाली, "ती तारीख तर चुकीची आहे," आणि तो विषय तिने पुढच्यासाठी राखून ठेवला. कंपनीला फोन केला. तर या नंबरवर आधीची तक्रार चालू आहे, ती बंद झाल्याशिवाय नवी घेता येत नाही. मग ती बंद करा, हा घ्या टीव्हीचा नंबर. तर खरेदीची तारीख तक्रारीनंतरची आहे, कॉम्प्युटर घेत नाही. योगिनीच्या फोनवरून करतो. तर या पत्त्यावर आधीची तक्रार चालू आहे. "आमच्यासाठी तुमची तक्रार मोलाची आहे," ती मुलगी म्हणाली. मी म्हटलं, "ताई, माझ्यासाठी माझी आई मोलाची आहे." तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

शनिवारी सकाळी मी काकांकडे गेलो. त्यांच्या टीव्हीसमोर उभा राहिलो आणि माझे डोळे दिपले. तोच टीव्ही. पण कीर्तनकाराच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. आयुष्यभर केलेलं एकच काम मला येतं, ते मी सुरू केलं. तुलना. दोन्ही घरांत मी येरझारा घातल्या. वायर तीच. प्लग तसाच. खिळा तसाच. काकांच्या टीव्हीवर कडेचं प्लास्टिक अजून तसंच होतं, आमचं काढलेलं होतं. आणि आमच्या चौकटीवर मधोमध कुंकू होतं, काकांच्या चौकटीवर तिथे एक बारीक, काळा, काचेचा ठिपका होता.

"काकू, तुम्ही पूजा केली नाही का टीव्हीची?" मी चांगुणाकाकूंना विचारलं.

"केली की. पण हे टीव्हीला हात लावू देईनात. मग मी खोक्यालाच कुंकू लावलं."

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. खोलीतला उजेड बघणारा टीव्हीचा डोळा तो. आमच्या टीव्हीला पाडव्यापासून काही दिसतच नव्हतं. त्याला वाटायचं खोलीत मिट्ट काळोख आहे, म्हणून तो बिचारा समईएवढा होऊन जळत होता.

घरी येऊन मी ओला रुमाल घेतला आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसलो. हात पुढे केला, आणि तो तिथेच थांबला. पुसलं, की उद्याचं भाषण गेलं, रंगीत खडू गेला, काकांना कीर्तन बघायला लावलं त्याचा जाब आला. हे सगळं मी सोसलं असतं. पण पुसलं, की आईही गेली. ती बोललेली होती, दिसलं तर मनमाडला. नाही पुसलं, तर ती इथेच, दिवाणावर, कायमची. मला आई हवी होती. पन्नाशीला आलेल्या माणसाने हे म्हणणं शोभत नाही, पण मला ती घरात हवी होती. टीव्हीत संध्याकाळ पसरली होती, आवाज बारीक, सगळं मऊ आणि धूसर, आणि मी तसाच बसून राहिलो. मग आतून भिंतीवरून हात सरकत येण्याचा आवाज आला. आई घर पाठ करत होती. मी तिला हाक मारली.

"आई, हे कुंकू पुसायचंय."

"पुसू नको रं," ती घाबरून म्हणाली. "माझ्या हातचं हाय. कितीक वर्षांनी लावलं मी."

योगिनी पुढे आली. "आई, तुमचं आहे ना? मग तुम्हीच काढा आणि तुम्हीच दुसरीकडे लावा. त्याच्या डोळ्यात गेलंय ते."

"टीव्हीला डोळा असतो?" आई खाली बसली. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि लहान मुलाच्या डोळ्यातली चिपडं काढावीत तसं ते कुंकू हळू हळू टिपून घेतलं.

आणि उजेड वाढू लागला. आधी भिंत उजळली, मग मालिकेतल्या घराचे पडदे लाल झाले, मग सासूबाई एकदम आपल्या सगळ्या दागिन्यांसकट आमच्या हॉलमध्ये आल्या. आई तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"अगं बाई! हिच्या नाकात नथ हाय व्हय! अन् मोत्यांची!" तिने बोट नाचवलं. "ही बघ कुडी! ती मागची रडतीय, पण डोळ्यांत पाणी नाय तिच्या, नुसतंच तोंड वेडंवाकडं करतीय!" मग ती माझ्याकडे वळली आणि खदाखदा हसायला लागली. "म्हंजे मोतीबिंदू याला झाला होता, अन् ऑपरेशन माझं वाया गेलं म्हणून मी बसले रडत!"

योगिनी हसता हसता रडत होती. मीटरवरचा आकडा दुपटीच्या पुढे गेला होता. मी मीटर काढून खिशात टाकला. आईने करंडा मागवला आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, चांगलं चाचपून, जिथे डोळाबिळा नाही तिथे कुंकू लावलं. आणि लगेच मालेगावला स्वतः फोन केला. "घर द्यायचं नाय. हां. मी येतीया ऱ्हायला."

रविवारच्या भाषणात मी सगळं खरं खरं सांगून टाकलं. मला वाटलं लोक हसतील. पण सगळे गंभीरपणे ऐकत होते, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या निम्म्या घरांनी आपापल्या टीव्हीचा डोळा शोधून त्याला कुंकू लावलं होतं. चेअरमननी कुंकू ओलं करून लावावं की कोरडं, एवढंच विचारलं. जयरामकाका माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. कीर्तनाची मात्र त्यांना गोडी लागली, ते अजून बघतात.

सोमवारी सकाळी मी आईला सोडायला नाशिकरोडला गेलो. तिची पिशवी मी धरली होती, पण पुढे तीच चालत होती. वाटेत दिसेल त्याचं तोंड ती निरखून बघत होती. एका हमालाला तर तिने थांबवून सांगितलं, की तुझ्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आलाय. गाडी आली. तिला खिडकीशी जागा मिळाली. मी बाहेर गजांना धरून उभा राहिलो. रडू येत होतं म्हणून मी काहीतरी बोलायला सुरुवात केली.

"आई, तुला मनमाडला पण टीव्ही घेऊ या. मी येतो पुढच्या महिन्यात. तिथली तीन दुकानं बघतो, आकडे काढतो, नीट तुलना करून मग..."

आईने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावरून फिरवला.

"नको रं बाबा. मी अन् नवसाबाई जाऊन घेतो उद्याच," ती म्हणाली. "मला डोळे मिटायच्या आधी बघायचाय."